चुंबक लावूनही हात लोंबतोच: सुट्या भागांच्या छोट्या मॉडेलमधल्या ढिल्या सांध्यांचं निदान

लक्षण असं असतं. 28 किंवा 32 मिलिमीटर मापाचं, म्हणजे उभा माणूस साधारण तेवढ्या उंचीचा दिसेल असं, मॉडेल आहे. हत्यारं बदलता यावीत म्हणून खांद्यात चुंबक बसवले. रंगवायच्या आधी हात टक्कन बसत होता. आता हात हळूहळू खाली गळतो, किंवा मॉडेल उचललं की हत्यार टेबलावरच राहतं, किंवा जरा धक्का लागला की बंदुकीचं तोंड भलतीकडे. मग जुना चुंबक उकरून काढायचा, भोक मोठं करायचं, मोठा चुंबक बसवायचा. दोन दिवस बरं चालतं आणि पुन्हा तेच.

मी हा फेरा एकाच मॉडेलवर तीनदा केला. दोन पायांवर चालणारं एक यंत्र होतं, त्याच्या उजव्या खांद्याला रेझिनची लांबलचक तोफ. आधी 2×1 चा चुंबक बसवला (2 मिमी व्यास, 1 मिमी जाडी), मग 3×1 चा, मग 3×2 चा. तिसऱ्या वेळी खांद्याची भिंत अंड्याच्या कवचाइतकी उरली होती आणि भोक पाडतानाच तडकली. तोफ मात्र आधीसारखीच मान टाकून बसली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. तिथे ओढ कमी नव्हतीच मुळी.

म्हणून नवा चुंबक मागवण्याआधी सांधा नेमका कसा दगा देतोय ते बघा. त्याला पाच मिनिटं लागतात.

आधी बिघाड ओळखा

मॉडेल हातात घ्या आणि असं फिरवा की सांध्याचं तोंड सरळ जमिनीकडे येईल. म्हणजे हात चुंबकाच्या भरवशावर खाली लटकला पाहिजे. हलकेच एकदोन हिसके द्या. हात लटकून राहिला तर चुंबकाची ओढ पुरेशी आहे, आणि मोठा चुंबक घेऊन फारसं काही साधणार नाही. तुमचा त्रास फिरण्याचा किंवा सरकण्याचा आहे.

हात लगेच सुटून पडला तर ओढ खरंच कमी पडते आहे. पण तेव्हाही चुंबक लहान असल्याची शंका सर्वांत शेवटी घ्या. दोन चकत्यांमध्ये फट असण्याची शक्यता त्याहून किती तरी जास्त असते.

हात सुटला आणि त्याच्यासोबत चुंबकही भोकातून बाहेर आला, तर दोष गोंदाचा. भाग जवळ नेताच अंग चोरतो किंवा गर्रकन उलटा होतो, तर ध्रुव चुकलेत. आणि पूर्वी घट्ट बसणारा सांधा काहीच न बदलता मलूल झाला असेल, तर गरम पाणी, हेअर ड्रायर किंवा ओव्हन यांपैकी कशाशी संबंध आला होता का ते आठवा.

फिरणारा हात

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे, आणि सर्वांत जास्त चुंबक वाया जातात तेही इथेच.

चकतीसारखा चुंबक समोरून घट्ट ओढतो. पण आपल्या आसाभोवती फिरायला तो जवळपास मोकळाच असतो. गोल चकतीला गोल चकती चिकटली, तर तिने अमुकच कोनात उभं राहावं असं तिला सांगणारं काही नसतं. फिरण्याला विरोध करतं ते फक्त घर्षण, आणि निकेलचा मुलामा दिलेल्या दोन गुळगुळीत पृष्ठांमध्ये ते किती असणार?

माझ्या तोफेचाच हिशेब मांडतो. 3×1 च्या चांगल्या निओडायमियम चकतीची ओढ साधारण 150 ते 200 ग्रॅम असते. आपण 180 धरू. तोफेचं वजन 4 ग्रॅम. म्हणजे ओढ वजनाच्या पंचेचाळीसपट, आणि कागदावर हे बघून माणूस निश्चिंत होतो. आता घर्षण गुणांक ढोबळमानाने 0.2 धरा. सरकण्याला विरोध झाला 36 ग्रॅमचा. तोही 4 ग्रॅमच्या हाताला भरपूर, म्हणून हात खाली घसरत नाही. पण फिरण्याचं गणित वेगळं आहे. हे 36 ग्रॅम चकतीच्या केंद्रापासून सरासरी 1 मिलिमीटरवर काम करतात, तेव्हा त्यांचा रोध झाला 36 ग्रॅम-मिलिमीटर. समोर रोखलेल्या तोफेचा गुरुत्वमध्य खांद्यापासून 18 मिलिमीटरवर आहे. तिचा पीळ झाला 4 गुणिले 18, म्हणजे 72. तरफेचा साधा नियम, शाळेत सगळेच शिकतो आणि टेबलावर बसलो की विसरतो. 72 विरुद्ध 36, तोफ झुकणारच.

3×2 ची चकती घेतली तर ओढ पावणेदोनपट ते दुप्पट होते. रोध गेला 65–70 च्या आसपास, तरीही हिशेब बरोबरीच्या खालीच. टेबलाला कोपर लागलं की तोफ खाली. एन35 ऐवजी एन52 दर्जाचा (आकडा मोठा तितका चुंबक ताकदवान) घेतला तर ओढ साधारण दीडपट होते. मग तोफ टिकेल, पण पोटावर चिमटा घेतल्यासारखी. वाहतुकीत फिरायची ती फिरेलच.

उपाय चुंबकाच्या बाहेर आहे. चुंबकाला फक्त ओढू द्या, कोन धरायचं काम आकाराला द्या. त्यासाठी तीन पद्धती आहेत, मला आवडतात त्या क्रमाने सांगतो.

पहिली, बाजूची खुंटी. चुंबकापासून 3 मिलिमीटर अंतरावर 0.8 मिमी जाडीच्या पितळी तारेचा दीड-दोन मिलिमीटर तुकडा एका भागात चिकटवायचा आणि दुसऱ्या भागात त्याच्यासाठी भोक पाडायचं. 72 ग्रॅम-मिलिमीटरचा पीळ 3 मिलिमीटरवरच्या खुंटीला फक्त 24 ग्रॅमने दाबतो. पितळेला ते जाणवतही नाही. तार पितळेचीच घ्या. लोखंडाची घेतली तर ती चुंबकाकडे ओढली जाते आणि गोंद ओला असताना तिरकी होते. समोरचं भोक बरोबर जागी यावं म्हणून खुंटीच्या टोकाला ओल्या रंगाचा ठिपका लावा, भाग हव्या त्या कोनात टेकवा आणि उचला. ठिपका उठेल तिथे गिरमिट चालवा. एकाच मॉडेलला चार हत्यारं असतील तर खुंटी हत्यारांत ठेवा आणि भोक धडात. हत्यार नसताना धडावर खिळा उभा दिसत नाही. तोफेला दोन-तीन कोन हवे असतील तर धडात तेवढी भोकं पाडा. चुंबक ओढतो आणि खुंटी आपली जागा पकडते.

दुसरी, दोन चुंबक. जागा रुंद असेल तर मधोमध एक मोठा बसवण्यापेक्षा 5 मिलिमीटर अंतरावर दोन लहान बसवा. आता हात फिरायचा तर निदान एका चकतीला 5 मिलिमीटरच्या वर्तुळात सरकावं लागतं, म्हणून तेच घर्षण पाचपट हातभार लावतं. दोन्हींचे ध्रुव उलटसुलट ठेवले, म्हणजे एक उत्तर बाहेर आणि दुसरा दक्षिण बाहेर, तर हात एकाच बाजूने बसतो, उलटा बसूच शकत नाही. टँकच्या झाकणांना आणि पाठीवरच्या पेट्यांना ही युक्ती फार छान लागू पडते. वाईट एवढंच की चार भोकं अचूक पाडावी लागतात, आणि अर्धा मिलिमीटर चुकलं तर दोन्ही चकत्या अर्धवट टेकतात.

तिसरी, खळगा. एका भागातला चुंबक अर्धा मिलिमीटर वर ठेवायचा आणि समोरचा तेवढाच आत. सांधा वाटीत बसल्यासारखा बसतो. सरकणं यात पूर्ण थांबतं. पण वाटी गोल असल्यामुळे फिरणं अजिबात थांबत नाही. मान आणि कंबर फिरलेली चालते, किंबहुना फिरावीच, तिथे ही पद्धत उत्तम आहे. तोफेला नाही.

आता माझ्या तोफेबद्दल. तडकलेला खांदा एपॉक्सी पुट्टीने भरला, मूळ 3×1 चा चुंबक परत बसवला आणि शेजारी पितळी खुंटी लावली. तेव्हापासून ती सरळ उभी आहे.

ओढच कमी पडते तेव्हा

सांधा जमिनीकडे केल्यावर हात सुटून पडतो, त्यांच्यासाठी हा भाग.

चुंबकाची ओढ अंतराने झपाट्याने उतरते. 3×1 ची चकती सपाट लोखंडावर पूर्ण टेकली असेल ती ओढ पूर्ण धरा. मध्ये अर्धा मिलिमीटर फट आली की निम्मी उरते, आणि एक मिलिमीटरला जेमतेम पाचवा हिस्सा. दोन चुंबक समोरासमोर असतील तर उतार थोडा सौम्य असतो, तरी दिशा तीच. म्हणजे भोक अर्धा मिलिमीटर खोल गेलं तर त्याची किंमत एक आख्खं माप लहान चुंबक वापरल्याइतकी पडते.

फट डोळ्यांनी दिसत नाही, पण बोटांना कळते. त्याच मापाचे दोन सुटे चुंबक घ्या आणि त्यांच्यात झेरॉक्सच्या कागदाच्या घड्या घाला. साधा कागद सुमारे 0.1 मिमी जाड असतो, म्हणून पाच पदर म्हणजे अर्धा मिलिमीटर. ओढून बघा, मग दहा पदर घालून बघा, आणि मग तुमचा सांधा ओढून बघा. कोणत्या पदरांशी जुळतो ते बोटं लगेच सांगतात.

फट समान आहे की तिरकी, हेही बघायला हवं. एका चकतीवर मार्करची शाई फासा, ओली असतानाच भाग टेकवा, उचला. समोर पूर्ण गोल उमटला तर चकत्या सपाट टेकतायत. चंद्रकोर उमटली तर भोक तिरकं गेलंय आणि चकत्या एका काठावर भेटतायत. काहीच उमटलं नाही तर चुंबक भेटतच नाहीत, त्यांच्याआधी प्लास्टिक प्लास्टिकला टेकतंय.

या सगळ्यावर मला सापडलेला सर्वांत माफ करणारा उपाय म्हणजे पुट्टीची गादी. भोक मुद्दाम अर्धा मिलिमीटर जास्त खोल पाडा. तळाशी ओल्या एपॉक्सी पुट्टीची ज्वारीच्या दाण्याहून लहान गोळी ठेवा. वर चुंबक ठेवा आणि एखाद्या सपाट, लोखंड नसलेल्या वस्तूने, म्हणजे जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने, पृष्ठभागाला समतल होईपर्यंत दाबा. जादा पुट्टी कडेने वर येते, ती ओल्या बोटाने पुसून टाका. चकती आपोआप सपाट बसते, भोक थोडं तिरकं असलं तरी. मग दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. घाईने समोरचा भाग टेकवून बघितला तर चुंबक पुट्टीतून वर उठतो, आणि ते तुमच्या लक्षात येतं ते पुट्टी दगड झाल्यावर.

रंगानेही फट पडते. प्रायमर, रंग, वॉश (पातळ केलेला रंग), वार्निश असे थर चढत जातात. त्यांची जाडी फार नसते, पण ते चकतीच्या काठाशी गोळा होतात आणि सांधा डुगडुगतो. रंगवण्याआधी चकतीवर मास्किंग टेपचा गोल तुकडा लावायचा, बस. विसरला असाल तर लाकडी काडीने वार्निश खरवडून काढा. ब्लेड नको, निकेलचा मुलामा निघेल.

एवढं सगळं ठीक असूनही ओढ कमी असेल तरच मोठा चुंबक घ्या, आणि घेताना आधी रुंदी बघा, मग जाडी. 1 वरून 2 मिमी जाडीला भरपूर फायदा होतो. 2 वरून 3 ला तो फार थोडा, भोक मात्र दीडपट खोल. मानेत किंवा मनगटात 3 मिमी चकती मावत नाही, तिथे काही जण 1×1 चे चुंबक बसवतात. मी ते सोडून दिलंय. चिमट्याने धरता येत नाहीत, उडाले की सापडत नाहीत, आणि त्यांच्या पकडीपेक्षा घट्ट बसणारी साधी पितळी खुंटी जास्त इमानी असते. सगळीकडे चुंबक हवाच असं कुठे लिहिलंय?

चुंबकच भोकातून निघाला

हे बहुतेक सुपरग्लूच्या सांध्यांत होतं. सुपरग्लू म्हणजे सायनोअॅक्रिलेट. तो हवेतल्या आणि पृष्ठावरच्या ओलाव्याने घट्ट होतो. बंद भोकाच्या तळाशी हवा पोहोचत नाही, म्हणून कडेचा गोंद वाळतो आणि मधला थेंब बराच वेळ ओला राहतो. शिवाय निकेल आरशासारखं गुळगुळीत असतं, आणि वाळलेला सुपरग्लू कडक पण ठिसूळ. सरळ ओढ तो सहन करतो, पण दर वेळी हत्यार काढताना आपण ते तिरकं करून उचकटतो, तेव्हा कडेपासून सोलल्यासारखा सुटतो.

चुंबक बसवण्याआधी त्याची मागची बाजू आणि कड बारीक पॉलिश पेपरवर दोन-तीनदा ओढा. फक्त चमक मेली पाहिजे. मुलाम्याखाली जायचं नाही, कारण या चुंबकाच्या वजनातला साधारण दोन तृतीयांश भाग लोखंडच असतो आणि उघडा पडला की तो गंजतो, फुगतो, भुगा होतो. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बोटांचं तेल हा गोंदाचा जुना वैरी आहे. जिथे भाग रोज काढ-घाल होणार तिथे दोन नळ्यांची एपॉक्सी वापरा. पाच मिनिटांत घट्ट होणारी असली तरी पुरी ताकद यायला तिला रात्रभर द्या. प्लास्टिकचा नेहमीचा सिमेंट इथे चालत नाही. तो पॉलिस्टायरीन विरघळवून जोडतो, धातूला तो काय विरघळवणार?

आणखी एक गंमत. भोक चुंबकाइतकंच घट्ट असेल तर खाली अडकलेली हवा आणि गोंद चकतीला पिचकारीच्या दट्ट्यासारखं वर ढकलतात. तुम्ही दाबता, तो उठतो. भोक 0.1 मिमी सैल ठेवा. आणि मॉडेलच्या न दिसणाऱ्या बाजूला जागा असेल तर तळातून 1 मिमीचं आरपार छिद्र पाडून ठेवा. आज त्यातून हवा जाते. उद्या चुंबक काढायची वेळ आली तर त्यातूनच तार घालून मागून ढकलता येतो. हे छिद्र मी आता सवयीने पाडतो, आणि त्याने मला निदान दोन मॉडेलांवर वाचवलंय.

ध्रुवांचा घोळ

सजातीय ध्रुवांमध्ये प्रतिकर्षण, विजातीय ध्रुवांमध्ये आकर्षण. वाक्य पाठ असतं, तरी रात्री साडेअकराला डावा हात उलटा चिकटतोच. लक्षात ठेवण्यावर विसंबू नका, त्यासाठी अवजार बनवा.

दोन लाकडी काड्या घ्या. एकीच्या टोकाला एक चुंबक चिकटवा, वाळू द्या. दुसरीच्या टोकाला दुसरा असा चिकटवा की दोन्ही काड्यांची टोकं एकमेकींना ओढतील. पहिली निळी रंगवा, ती धडासाठी. दुसरी लाल, हातापायांसाठी. आता चुंबक नेहमी काडीच्या टोकाने उचलायचा आणि तसाच भोकात दाबायचा. निळ्या काडीने बसवलेला प्रत्येक चुंबक लाल काडीने बसवलेल्या प्रत्येक चुंबकाला ओढणार, मग ते काम या वर्षीचं असो की पुढच्या. काड्या हरवू नका, म्हणजे नवं मॉडेलही जुन्या हत्यारांशी जुळतं. काडी बाजूला घेताना सरळ वर ओढू नका, ओला चुंबक सोबत येईल. टोकावर मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावून पकड मुद्दाम कमी करा आणि काडी आडवी सरकवून सोडवा.

या पद्धतीत एक खरा पेच आहे. दोन्ही खांद्यांत निळ्या काडीचे चुंबक बसवले की कोणतंही हत्यार कोणत्याही बाजूला लागतं, हा फायदा. पण छाती अरुंद असेल, दोन चकत्यांमध्ये 5-6 मिलिमीटर उरत असतील, तर आतून त्या सजातीय ध्रुवांनी एकमेकींना बाहेर ढकलत राहतात. गोंद ओला असताना एक तरी वर येतेच. एका खांद्यात निळी आणि दुसऱ्यात लाल काडी वापरली तर चकत्या आतून एकमेकींना ओढतात, सांधे थोडे बळकट होतात, पण डावा हात उजवीकडे लागत नाही. हत्यारं डाव्या-उजव्या हातांसकट वेगळी घडवलेली असतील तर मी दुसरा मार्ग घेतो. चुकून उलटा हात लावायची सोयच राहत नाही.

ध्रुवांची कटकटच नको असेल तर एका बाजूला चुंबकाऐवजी लोखंड बसवा. खिळ्याचं कापलेलं डोकं, लहान वॉशर, काहीही. हत्यारं ढिगाने असतील तर चुंबकही निम्मे लागतात. मात्र बसवण्याआधी चुंबक लावून बघा. स्टेनलेस स्टीलच्या बऱ्याच जाती, त्यात 304 ही नेहमीची, चुंबकाला जवळपास दादच देत नाहीत. आणि वर सांगितल्याप्रमाणे चुंबक-लोखंड जोडीला फट जास्त नडते, तिथे सपाटपणात हयगय नको.

पूर्वी चांगला होता, आता मलूल

साध्या दर्जाच्या निओडायमियम चुंबकाची तापमानाची मर्यादा 80 अंश सेल्सिअस धरतात, आणि पातळ चकत्या त्याच्याही आधी हार खातात. त्या तापमानात गेलेली ताकद थंड झाल्यावर परत येत नाही. वाकडी रेझिनची तलवार सरळ करायला आपण ती गरम पाण्यात बुडवतो. त्यात चुंबक आधीच बसलेला असेल आणि पाणी उकळतं असेल, तर तलवार सरळ होते आणि चुंबक खच्ची होतो. आधी सरळ करा, मग भोक पाडा. दर्जाच्या आकड्यामागे एच असेल तर मर्यादा 120 अंशांपर्यंत असते, पण या मापांत तसे चुंबक क्वचितच मिळतात.

उष्णता नव्हती, तरी पकड गेली? मग चकतीवर नखाने घासून बघा. लोखंडाचा कीस, ड्रिलचा चुरा आणि बारीक भुसा चुंबकाच्या काठावर दाढीसारखा वाढतो आणि हळूहळू फट पाडतो. फुंकून तो जात नाही. चिकटपट्टी किंवा चिकट मातीचा गोळा दाबून उचला.

तळाच्या बैठकीचं वेगळं प्रकरण आहे. मॉडेल पेटीत उभं राहावं म्हणून बैठकीत चुंबक आणि पेटीत रबरासारखा चुंबकीय पत्रा, अशी जोडी अनेक जण करतात आणि मग मॉडेल तिरकं उडी मारून बसतं अशी तक्रार करतात. त्या लवचीक पत्र्यात उत्तर आणि दक्षिण ध्रुवांचे अरुंद पट्टे आळीपाळीने असतात. तुमची चकती एका पट्ट्याकडे ओढली जाते आणि शेजारचा तिला ढकलतो. पेटीत साधा लोखंडी पत्रा घाला, भांडण मिटलं.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. हे चुंबक ठिसूळ असतात. दोन चकत्या लांबून एकमेकींवर आदळल्या तर टवका उडतो, तेव्हा चष्मा लावा, आणि चुंबकाला कधीही ड्रिल करू नका. काम संपल्यावर चकत्या मोजून डबीत टाका. मुलाने एकापेक्षा जास्त चुंबक गिळले तर ते आतड्याच्या दोन वळशांना एकमेकांत चिमटून भोक पाडू शकतात. अशी नुसती शंका आली तरी दुखू लागायची वाट न बघता रुग्णालय गाठायचं. पेसमेकर असलेल्यांनी चुंबकांची डबी छातीच्या खिशात ठेवायची नाही.

रंगवून झालेल्या मॉडेलवर दुरुस्ती

सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच, कारण ध्रुव उलटे असल्याचं नेमकं शेवटच्या वार्निशनंतर कळतं.

आधी सौम्य उपाय. त्याच व्यासाच्या पाच-सहा चकत्यांची चळत करा, अडकलेल्या चुंबकावर टेकवा आणि सरळ वर ओढा. गोंद कमी असेल तर निघून येतो. आरपार छिद्र पाडून ठेवलं असेल तर मागून ढकला. दोन्ही जमलं नाही आणि गोंद सुपरग्लू असेल, तर मॉडेल पिशवीत घालून फ्रीझरमध्ये दोन-तीन तास ठेवा. थंडीत सुपरग्लू आणखी ठिसूळ होतो, आणि बाहेर काढल्याबरोबर ओढलं तर बरेचदा टक् आवाज करून सुटतो. चुंबकाला थंडीने काही होत नाही. अॅसिटोन मात्र आणू नका. गोंद विरघळेल, पण पॉलिस्टायरीनचा खांदाही विरघळेल आणि रंग तर पहिल्याच मिनिटाला जाईल.

एपॉक्सीने बसवलेला चुंबक यातल्या कशालाच जुमानत नाही. तिथे मी चुंबक काढायच्या भानगडीत पडत नाही. उलटा बसलेला चुंबक धडात असेल तर हत्याराकडचे चुंबक बदलतो. हत्यारं सोपी असतात, त्यांचा रंग पुन्हा लावता येतो. सगळीच हत्यारं पक्की झालेली असतील तर धडातल्या चकतीशेजारी नवी खुंटी लावून तेवढ्या एका हत्याराला चुंबकाशिवाय बसवतो. दोन मिलिमीटर पितळी तार, घट्ट भोक, आणि भोकात वार्निशचा एक पातळ थर, म्हणजे तार जरा अडकून बसते. हा थर रात्रभर वाळू द्यायचा आणि मगच हत्यार लावायचं, नाहीतर ते कायमचंच बसेल.